ऑइल बदललं की दोन दिवसात परत काळं : डिझेल गाडीत नेमकं काय बघायचं

गळीत हंगाम सुरू झाला की बेळगावातल्या गॅरेजला हा एक प्रश्न ठरलेलाच. निपाणीचा ट्रॅक्टरवाला असू दे, खानापूरचा पिकअपवाला असू दे नाहीतर अथणीकडनं आलेला ड्रायव्हर, "अण्णा, ऑइल मत्त कप्प आगेद्री" (ऑइल परत काळं झालंय) म्हणत ऑइलची लेव्हल बघायची पट्टी पुसलेलं फडकं पुढं करतोय. परवाच बदललंय, सीलबंद डबा आणलाय, फिल्टरपण नवीन, आणि आज बघतोय तर कुळकुळीत काळं. मग ज्यानं ऑइल विकलं त्याला शिव्या, ज्यानं बदललं त्याला शिव्या, आणि परत हजार दोन हजार घालून ऑइल बदलायचं, परत दोन दिवसात तेच. काही लोक तर एका हंगामात तीन तीन वेळा बदलतात आणि खरा बिघाड असतो तो तसाच राहतोय, कारण काळ्या रंगाकडं बघता बघता बाकी काहीच बघितलेलं नसतंय.

पहिली गोष्ट, डिझेल इंजिनात ऑइल काळं होणं हा आजार नव्हे. नव्या कोऱ्या गाडीतही होतंय, चांगल्यातलं चांगलं सिंथेटिक टाकलं तरी होतंय. पेट्रोल गाडीत चार पाच हजार किलोमीटर मधासारखं दिसतंय म्हणून शेजाऱ्याच्या पेट्रोल गाडीशी आपल्या बोलेरोची तुलना करत बसू नये.

आता का होतंय ते बघू. साध्या पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल आधी मिसळून आत जातं, मग ठिणगी पडते. डिझेलला ठिणगी नाहीच. नुसती हवा आत घेऊन ती सोळा सतरा पट दाबली जाते, त्या दाबानंच ती एवढी तापते की नोझलमधनं डिझेल मारलं की आपोआप पेट घेतंय. पण मिसळायला वेळ मिळतो किती, अगदी क्षणभर. फवाऱ्याच्या बाहेरच्या कडेला हवा भरपूर आणि मधल्या भागात डिझेल जास्त, हवा कमी. रॉकेलच्या चिमणीची वात वर केली की काच कशी काळी होते, तसाच प्रकार आत चाललेला असतो. त्यातली बरीचशी काजळी सिलिंडरमधेच परत जळून जाते, काही सायलेन्सरमधनं बाहेर पडते आणि उरलेली थोडी लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, जो ऑइलचा पातळ थर असतो त्याला चिकटते. पिस्टनच्या रिंगा तो थर खरवडून खाली चेंबरमधे, म्हणजे इंजिनाच्या तळाला ऑइल साठतं त्या टाकीत, आणून सोडतात. शिवाय रिंगांच्या फटीतनं थोडा गॅस खाली जातोच, कितीही नवीन इंजिन असलं तरी, त्याच्याबरोबरपण काजळी येतेच.

मग दोनच दिवसात कसं काय एवढं काळं, असं विचारतात. दोन कारणं. एक तर ड्रेन बोल्ट काढून चेंबर रिकामा केला तरी सगळं जुनं ऑइल निघतच नाही. ऑइल कूलर, गॅलरी म्हणजे ऑइलच्या आतल्या वाटा, टर्बोच्या (हवा दाबून इंजिनात घालणारा पंखा) पाइपा, हेडवरचे खोलगट भाग, सगळीकडं थोडं थोडं राहतंय, इंजिन बघून पाव लिटर ते अर्धा लिटर सहज. तीन सव्वातीन लिटर ऑइल लागणाऱ्या छोट्या डिझेल गाडीत एवढं जुनं काळं ऑइल नव्यात मिसळलं तर पहिल्याच स्टार्टला रंग बदलणार, त्याला दोन दिवसपण लागत नाहीत. दुसरं, काजळीचा एक कण 20 ते 50 नॅनोमीटरचा असतोय, चार दोन कण चिकटून गठ्ठा झाला तरी शंभर दोनशे नॅनोमीटर. आणि ऑइल फिल्टर पकडतो साधारण 20-30 मायक्रॉनचा कण. एक मायक्रॉन म्हणजे 1000 नॅनोमीटर, मग फिल्टर काय करणार? काजळी त्यातनं आरामात आरपार जाते. त्यामुळं "फिल्टर डुप्लिकेट होता म्हणून काळं झालं" हे काही खरं नव्हे. डुप्लिकेट फिल्टरचे तोटे वेगळे आहेत, ते मोठे आहेत, पण रंगाशी त्याचा संबंध नाही.

आणि हे काळं दिसणं मुद्दाम केलेलं आहे. डिझेलच्या ऑइलमधे डिस्पर्संट नावाचं रसायन असतंय, ते काजळीच्या प्रत्येक कणाला धरून वेगळं ठेवतं, गठ्ठे होऊ देत नाही, कुठं बसू देत नाही. बरोबर डिटर्जंट असतं, जळताना जी आम्लं तयार होतात ती ते मारतं. म्हणजे ऑइल काळं झालं याचा अर्थ घाण ऑइलमधे तरंगतेय, रिंगांच्या खाचेत आणि टर्बोच्या पाइपेत साठत नाही. खरं घाबरायचं असेल तर डिझेल गाडी सहा हजार चालली आणि ऑइल अजून स्वच्छ पिवळं दिसतंय याला घाबरा! एक तर कुणी मधेच बदललंय नाहीतर काजळी आत कुठंतरी चिकटून बसतेय. सीएनजीवाल्यांचं उलटं असतंय, त्यांचं ऑइल शेवटपर्यंत साफ दिसतं म्हणून ते बदलायचंच विसरतात, आणि साफ दिसणारं ऑइल आतनं संपलेलं असतं.

नव्या गाड्यांत हे जास्त का, असंही विचारतात, "आमच्या जुन्या गाडीत एवढं नव्हतं". त्यात तथ्य आहे. एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 (गाडीच्या धुराचा सरकारी नियम) आलं, त्याआधी 2017 ला बीएस-4 सगळीकडं लागू झालं. धुरातला नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला ईजीआर लावतात, म्हणजे सायलेन्सरकडं निघालेला थोडा गॅस परत इंजिनात घालायचा. त्यानं आतली आग जरा थंड राहते, तो वायू कमी होतो, पण ऑक्सिजनपण कमी मिळतो म्हणून काजळी वाढते. मग लोक म्हणतात बीएस-6 ला तर डीपीएफ फिल्टर आहे ना, धूर दिसतच नाही. अरे डीपीएफ सायलेन्सरच्या लाइनला आहे, तो बाहेर जाणारी काजळी धरतो. लायनरवरनं खाली चेंबरमधे उतरली ती त्याला कशी सापडणार.

बरं, मग बिघाड ओळखायचा कसा. रंग सोडा. लेव्हल, वास आणि जाडी, हे तीन बघा, आणि बरोबरीनं धूर कुठल्या रंगाचा आहे ते बघा.

गाडी सपाट जागेवर लावायची, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, पट्टी काढून पुसायची, परत घालून काढायची. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर कधीच निर्णय घ्यायचा नाही. लेव्हल दोन खुणांच्या मधे पाहिजे. पट्टीचं ऑइल दोन बोटांत घेऊन चोळा, गार झाल्यावर. चिकट आणि गुळगुळीत लागलं तर ठीक. पाण्यासारखं पातळ आणि डिझेलचा वास, तर एक गोष्ट. घट्ट झालंय, पट्टीवरनं ओघळतच नाही, तर दुसरी. बोटाला कचकच लागली तर तिसरी, आणि ती सगळ्यात वाईट. मग एक थेंब फिल्टर पेपरवर, नसेल तर जाड टिश्यूवर, सोडायचा आणि आडवा ठेवून रात्रभर पसरू द्यायचा. काळपट डाग सगळीकडं सारखा पसरत गेला तर ऑइलमधे अजून जीव आहे. मधे काळा कुट्ट ठिपका, त्याची कड एकदम रेखीव आणि बाहेर काहीच पसरलं नाही, तर डिस्पर्संट संपलं, बदला. बाहेरनं रुंद पिवळसर पारदर्शक कडं आलं तर डिझेल मिसळतंय. हे काय लॅब टेस्ट नव्हे, अंदाज आहे, पण फुकटातला चांगला अंदाज आहे.

आता लेव्हल वाढण्याचं सांगतो, कारण यात लोक उलटे खूश होतात. "आमची गाडी ऑइल खात नाही, उलट वाढतंय" असं हसत हसत सांगणारे भेटतात. ऑइल कधी आपोआप वाढत नसतंय, त्यात काहीतरी येऊन मिसळतंय. मेकॅनिकल फीड पंप असलेल्या जुन्या इंजिनात त्या पंपाचा डायफ्राम फाटला की डिझेल सरळ चेंबरमधे उतरतं. काही ठिकाणी मेन पंपाच्या शाफ्टचं सील जातं. सीआरडीआय, म्हणजे कॉम्प्युटरनं डिझेल मारणाऱ्या नव्या गाडीत एखादं नोझल गळायला लागलं की डिझेल नीट जळत नाही आणि लायनरवरनं धुऊन खाली जातं. आणि डीपीएफवाल्या गाडीत आणखी एक खेळ आहे. डीपीएफ भरला की गाडी स्वतःच तो साफ करते, त्यासाठी उशिरानं जादा डिझेल मारून सायलेन्सरची लाइन तापवते, पार सहाशे डिग्रीच्या आसपास. हे पूर्ण व्हायला गाडी काही वेळ सलग चालली पाहिजे. तुम्ही टिळकवाडीतनं कॅम्प, कॅम्पातनं खडेबाजार, परत घरी, एवढंच फिरवत असाल तर साफसफाई अर्धवट राहते, परत सुरू होते, परत अर्धवट, आणि दर वेळी थोडं डिझेल ऑइलमधे. अशा गाडीला अधनंमधनं हायवेला काढा, धारवाडकडं नाहीतर कोल्हापूरकडं, वीस पंचवीस मिनिटं एका लयीत जरा वरच्या आरपीएमला चालवा. डीपीएफचा दिवा लागल्यावर तर टाळाटाळ नकोच.

पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला धरत नाही, हा एक तोटा. दुसरा जास्त भयंकर आहे. लेव्हल फारच वर गेली तर ब्रीदरमधनं (चेंबरमधला गॅस बाहेर काढणारी नळी) नाहीतर टर्बोतनं ऑइल हवेच्या इनटेकला जातं आणि इंजिन तेच जाळून पळायला लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, रेस आपोआप वाढत जाते आणि पांढऱ्या निळ्या धुराचे लोट. अशा वेळी बॉनेटवर वाकून बघायला जाऊ नका. गेअरची गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून टॉप गेअर टाकायचा आणि क्लच एकदम सोडायचा, इंजिन गुदमरून बंद पडतं. तेव्हा पट्टीवर वरच्या खुणेच्या बरंच वर ऑइल दिसलं आणि वास डिझेलचा आला, तर गॅरेजपर्यंतपण स्टार्ट करून आणू नका.

घट्ट होण्याचा प्रकार आपल्या भागात जास्त, आणि त्याचं अर्धं कारण ऊस. पंपाचं डिझेल वाढवून घेणं ही आपल्याकडं फॅशनच झालीय. दोन ट्रॉल्या भरून चढाला ओढायच्या म्हणून पंपवाल्याकडं जाऊन स्क्रू फिरवून आणतात, ट्रॅक्टर ओढतोय झकास, पण हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, मग धूर काळा. धूर काळा म्हणजे काजळी, आणि जेवढी वर निघते त्या हिशोबात खाली ऑइलमधेपण जाते, आणि तीच ऑइल घट्ट करते. त्यात वरचा गेअर ठेवून इंजिन कण्हेपर्यंत ओढायची सवय. एक गेअर खाली टाका की राव, डिझेल एवढं काय जास्त लागत नाही!

दुसरं, एअर फिल्टर. फडातली धूळ, पाचट, कच्च्या रस्त्यावर पुढच्या ट्रॉलीचा फुफाटा, सगळं एअर फिल्टर गिळतंय. तो तुंबला की हवा कमी, परत काळा धूर. जुन्या ट्रॅक्टरला ऑइल बाथचा फिल्टर असतो, त्याची वाटी हंगामात आठवड्याला तरी खोलून बघा, खाली चिखलाचा थर दिसेल. कागदी फिल्टर असेल तर टायरवर आपटून झाडू नका, कागद फाटतो, सील वाकतं, आणि मग धूळ सरळ आत. कॉम्प्रेसरची हवा बेतानं, आतल्या बाजूनं बाहेर मारायची. धूळ आत गेली की ती रिंगा आणि लायनर घासून काढते, मग कॉम्प्रेशन खाली गळतं, मग ऑइल आणखी लवकर काळं, आणि बोटाला जी कचकच लागते म्हटलं ती हीच. पाचट रेडिएटरच्या जाळीत बसलं तर गरमी वाढते ते वेगळंच, आणि गरम होणारं ऑइल लवकर जुनं होतंय, दहा डिग्री वाढली की जुनं होण्याचा वेग साधारण दुप्पट.

तिसरं म्हणजे कारखान्याच्या गेटवरची लाइन. नंबर येईपर्यंत तासन् तास, पुढं सरकायचं म्हणून इंजिन चालूच ठेवायचं. रिकाम्या रेसला इंजिन नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, काजळीपण आणि कच्चं डिझेलपण ऑइलमधे. आणि पिकअपचा मीटर तर एक किलोमीटरपण पुढं गेलेला नसतो. म्हणून किलोमीटरवर ऑइल बदलणाऱ्यांची फसगत होते. आम्ही गॅरेजवाले उभ्यानं चाललेल्या एका तासाला ढोबळमानानं 40 किलोमीटर धरतो. ट्रॅक्टरला तर तासांचाच मीटर आहे, बऱ्याच मॉडेलना 250 तास सांगितलेत, तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा, आणि मीटर बंद पडला असेल तर आधी तो चालू करून घ्या.

टर्बोची गाडी असेल आणि चोर्ला घाटात चढाला दम कमी, शिट्टीसारखा आवाज आणि मागनं काळा धूर, तर इंटरकूलरचा (टर्बोनं दाबलेली हवा गार करणारी जाळी) रबरी होज बघा. क्लॅम्प ढिला असतो नाहीतर होजला खालच्या अंगाला चीर, हात फिरवला की तेलकट लागतं. भाजी घेऊन गोव्याला जाणाऱ्या गाड्यांत हे बऱ्याचदा सापडतंय, शे दोनशेच्या क्लॅम्पचं काम आणि लोक नोझल बदलून बसलेले असतात. तसंच ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनं उघडा अडकला तर हेच लक्षण, तो साफ करून मिळतो. काही जण तो कायमचा बंद करून टाकतात, तसं करू नका, पोल्युशनच्या नियमात बसत नाही आणि बीएस-6 ला तर चेक लाइटपण येतो.

इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण जरा सैल करून बघा. थोडी हवा, थोडी वाफ हे चालतं. पण भसाभस धूर मारत झाकण उडायला बघतंय, शिवाय ऑइल कमी होतंय आणि मागं निळा धूर, तर रिंगा गेल्या. तिथं ऑइलचा ब्रँड बदलून काही होणार नाही, कॉम्प्रेशन चेक करून इंजिनाचं काम करावं लागेल.

दुधाळ, कॉफीच्या रंगाचं ऑइल झालं तर पाणी शिरलंय, ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केट, गाडी तिथंच बंद. फक्त पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडं गाडी थोडी थोडीच चालत असेल तर नुसत्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट साय दिसते, ती दमटपणाची असते. पट्टी आणि कूलंटची लेव्हल दोन्ही ठीक असतील तर काळजी नको.

आता काय करू नये. काळेपणा जावा म्हणून रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन चालवून धुवायचा प्रकार अजून चालतो. त्यानं बेअरिंगवरचा ऑइलचा थर जातो, वर्षानुवर्षं बसलेली घाण एकदम सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकते, आणि ते रॉकेल पूर्ण निघत पण नाही, नव्या ऑइलमधेच राहतंय. पातळ झालं म्हणून घट्ट 20डब्ल्यू-50 टाकणं, हेपण नको, डिझेल कुठनं येतंय ते शोधा. आणि पेट्रोलचं ऑइल डिझेलला नको. डब्यावर एपीआयपुढं सी अक्षरानं सुरू होणारा ग्रेड डिझेलचा, एसनं सुरू होणारा पेट्रोलचा, काही डब्यांवर दोन्ही असतात ते चालतंय. जुन्या गाडीला, ट्रॅक्टरला सीआय-4 प्लस किंवा सीके-4 मधलं 15डब्ल्यू-40 बहुतेक ठिकाणी बसतं. डीपीएफवाल्या गाडीला मात्र कमी राखेचंच लागतं, पुस्तकात जो ग्रेड दिलाय तोच, कारण काजळी जळून जाते पण ऑइलमधल्या रसायनांची राख डीपीएफमधे कायमची बसते.

बदलताना इंजिन गरम असू दे, बोल्ट काढल्यावर थेंब थांबेपर्यंत वाट बघा, घाईनं लावू नका, वॉशर नवीन, फिल्टर दर वेळी नवीन. आणि रिकामा डबा भंगारवाल्याला तसाच देऊ नका, त्याला खिळ्यानं चार भोकं पाडा. ब्रँडचे रिकामे डबे परत भरून विकणारे आहेत, आणि त्यातलं ऑइल पहिल्या दिवशी सोन्यासारखं पिवळं दिसतंय हं.

एवढं बघूनही शंका राहिली आणि गॅरेजला न्यायची झाली तर मेकॅनिकला नुसतं "काळं होतंय" म्हणून सांगू नका, तो ऑइल बदलून पैसे घेऊन मोकळा होईल. मागच्या वेळी बदलल्यापासून किती किलोमीटर किंवा किती तास झाले, लेव्हल वाढली का कमी झाली, वास कसला येतोय, धूर कुठल्या वेळी आणि कुठल्या रंगाचा, कूलंट कमी होतंय का, पंपाला कुणी हात लावलाय का, हे सांगा. आणि पंप वाढवून घेतला असेल तर लपवू नका, आम्हाला स्क्रूचं सील बघून कळतंयच.